टाळूची शिवण

बसल्या जागी बसा. खुर्ची असो, पलंग असो, एसटीची खिडकीजवळची सीट असो, हे मनन कुठेही जमते. मांडी घालायची सक्ती नाही. ओठ मिटा. दात एकमेकांवर दाबू नका, किंचित सुटे राहू द्या. श्वास नाकाने.

जिभेचे टोक वरच्या मधल्या दोन दातांच्या मागे न्या. दात संपून हिरडी सुरू होते तिथे अगदी मधोमध एक लहानसा मऊ उंचवटा लागेल. त्याच्या मागे आडव्या वळ्या आहेत. घाईत घेतलेला चहा पहिल्यांदा पोळतो तो इथेच. एकेक वळी ओलांडत जीभ मागे सरकवा. घाई नको. वळ्या संपल्या की गुळगुळीत छत लागते, आणि त्याच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक रेघ. कुणाची रेघ उंचावलेली असते, कुणाची खोलगट, तर कुणाच्या मधोमध चांगला टणक उंचवटा असतो आणि तो पहिल्यांदा जाणवला की माणूस घाबरून डॉक्टरकडे धावतो. बहुतेक वेळा ते जास्तीचे वाढलेले निरुपद्रवी हाड असते. आणखी मागे गेलात तर टाळू मऊ होईल आणि उमासा येईल. तिथून परत फिरा, रेघेवर या.

रेघेवर थांबा. तिच्या दोन्ही अंगांना जीभ दाबून पाहा, थोडी गादी लागते. पुढच्या भागात ती चरबीची, मागच्या भागात लाळेच्या बारीक ग्रंथींची. रेघेवर मात्र गादी नाही. पातळ त्वचा आणि लगेच हाड. या जागी उजव्या अंगाचे हाड आणि डाव्या अंगाचे हाड एकमेकांना भेटतात, आणि त्यांच्या मध्ये एक शिवण आहे. आज तिच्याशीच बसायचे आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. जीभ टाळूला दाबून धरली की मोठ्या माणसाचाही जबडा रुंदावतो, चेहरा कोरल्यासारखा होतो, असे सांगणारे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर पैशाला पासरी आहेत. त्याला भरवशाचा पुरावा नाही. आपण जीभ तिथे नेली ती नुसती ओळख करून घ्यायला. व्यायाम म्हणून नाही.

ओळख तशी जुनीच आहे. हळू आवाजात म्हणा: त. जीभ दातांना लागली. च. थोडी मागे गेली. आता ट, आणि मग ळ. ‘बाळ’, ‘केळं’, ‘आभाळ’ म्हणताना जीभ वळते, छताला घासून खाली येते. बोलायला लागल्यापासून आजपर्यंत किती वेळा ती तिथे गेली असेल, हिशेब नाही. आणि शिवणीकडे आपले एकदाही लक्ष गेले नाही.

एक सावकाश श्वास घ्या. नाकातून मागे जाणारी हवा किंचित गार लागते. ती ज्या जमिनीवरून जाते ते आणि जीभ ज्या छताला टेकली आहे ते, एकच हाड. वरून नाकाची जमीन, खालून तोंडाचे छत. मध्ये काही मिलिमीटर. ही गोष्ट पुढे लागणार आहे, ध्यानात असू द्या.

आता मागे जाऊ. इतके मागे की जिथे आठवण पोचत नाही.

आईच्या पोटात सातवा आठवडा. तोंडाला छत नाही. नाक आणि तोंड ही एकच पोकळी आहे, आणि जीभ त्या सगळ्या पोकळीभर पसरलेली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पडदे उभे लोंबत आहेत. पुढे ज्यांचा टाळू होणार तेच हे पडदे, पण आज ते खाली तोंड करून आहेत, कारण मध्ये जीभ आहे. मग खालचा जबडा वाढतो, जीभ खाली उतरते, आणि वाट मोकळी झाल्याबरोबर आठव्या आठवड्याच्या आसपास दोन्ही पडदे उचलले जाऊन आडवे होतात. एकमेकांकडे सरकतात. पुढच्या बाजूने टेकतात आणि तिथून मागे मागे जुळत जातात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम पुरे होते.

या काही आठवड्यांत कुठे वेळ चुकली, पडदे उचलले गेले पण एकमेकांपर्यंत पोचले नाहीत, तर टाळू दुभंगलेला राहतो. त्यामागे आनुवंशिकता असते, काही औषधे, सिगारेट, इतरही कारणे असतात. पुष्कळदा नेमके एक कारण हाती लागत नाही. आपल्याकडे मात्र ते फार लवकर हाती लागते: तिने ग्रहणात विळीला हात लावला. ज्या आठवड्यांत हे सगळे घडते तेव्हा दिवस गेल्याची बातमी घरातही नीट पसरलेली नसते, ग्रहण पाळणे तर लांबच. तरी बाळाच्या दुभंगलेल्या ओठाचा आणि टाळूचा दोष आजही काही घरांत त्या विळीवर, म्हणजे तिच्यावर जातो. मनन म्हटले तरी इथे राग येतो. येऊ द्या, आणि पुढे चला.

पडदे जुळले तेव्हा जुळले ते मऊ ऊतक. ते एकजीव झाले. हाड नंतर आले, उजवीकडून उजवे आणि डावीकडून डावे, दोन्ही मध्याच्या दिशेने वाढत. आणि मध्याशी येऊन ती दोन हाडे थांबली. एकमेकांत मिसळली नाहीत. दोघांमध्ये तंतूंची, रक्तवाहिन्यांची, हाड घडवणाऱ्या पेशींची एक पट्टी राहिली. टाळूची शिवण म्हणजे ही पट्टी.

बाळ जन्मले. आजी तेल घेऊन बसली. डोक्यावरची टाळू ती तेलाने भरते, कारण तिथे हाड नाही हे बोटाला कळते. ती जागा साधारण दीड वर्षात भरून येते. कपाळाच्या मधोमध असलेली शिवण त्याहून लवकर, बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच, मिटते. तोंडातली शिवण मात्र तशीच राहते. तिला घाई करून चालणार नाही. दुधाचे दात यायचे आहेत, ते पडून त्यांच्या जागी मोठे दात यायचे आहेत, चेहरा रुंद व्हायचा आहे, नाक रुंद व्हायचे आहे. त्यासाठी दोन हाडांमध्ये जागा हवी, आणि हाड घालत राहणारी जिवंत कड हवी.

हे आपल्याला कसे कळले, याच्यापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. कोपनहेगनमध्ये आर्ने ब्यॉर्क यांनी वाढत्या मुलांच्या जबड्यांत धातूच्या अगदी बारीक खुणा बसवल्या आणि वर्षानुवर्षे एक्स-रे काढून त्या खुणा एकमेकींपासून कशा दूर जातात ते पाहिले. दोन्ही अर्धे जबडे शिवणीपाशी दूर सरकत होते, मागच्या बाजूला अधिक. डेन्मार्कच्याच बिर्टे मेल्सन यांनी १९७५ साली जे प्रसिद्ध केले ते शवविच्छेदनातून मिळालेल्या टाळूंवर आधारलेले होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुले. प्रत्येक काचपट्टीमागे एक घर असणार जिथे मूल गेले. त्या मुलांच्या टाळूंवरून आज आपल्या मुलांवर कधी काय करायचे ते ठरते.

मेल्सन यांनी जे पाहिले ते हातांनी करून बघता येते. दोन्ही हात समोर आणा.

तळवे जोडा, नमस्काराला जोडतो तसे, बोटे सरळ. ही बालपणाची शिवण. दोन कडा समोरासमोर, मध्ये रुंद पट्टी, रेघ जवळपास सरळ. थोडे ओढा, हात सहज सुटतात.

आता बोटांची टोके एकमेकांच्या मध्ये जरा सरकवा. ही आठ-दहा वर्षांची शिवण. रेघ नागमोडी झाली. ओढलेत तर सुटते, पण थोडे अडखळून.

आता बोटे मुळापर्यंत एकमेकांत गुंतवा आणि घट्ट धरा. ही किशोरवयाची. या बाजूची हाडाची बोटे त्या बाजूच्या खाचांत शिरली आहेत. कुठेही हाड जुळलेले नाही, दहाही बोटे सुटी आहेत, तरी ओढून पाहा.

असेच धरून ठेवा थोडा वेळ.

हाड अजून कुठेही हाडाला चिकटलेले नाही आणि तरी शिवण पकडून ठेवते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘शिवण बंद झाली’ असे सरसकट बोलले जाते. बंद होणे ही फार पुढची गोष्ट. त्याआधी कित्येक वर्षे नुसते गुंतत जाणे चालते. आणि हे गुंतणे केवळ वर्षे उलटली म्हणून होत नाही. चावण्याचा जोर हाडातून शिवणीपर्यंत पोचतो, आणि शिवण त्याला उत्तर देत आपला आकार बदलते. उंदरांवरच्या प्रयोगांत मऊ अन्नावर वाढवलेल्यांच्या चेहऱ्याच्या शिवणी कमी गुंतलेल्या आढळल्या आहेत. म्हणजे ज्याला आपण वय म्हणतो त्यात घासांचाही वाटा आहे. चावून खाल्लेली भाकरी, दाढेने सोललेला ऊस. माणसाच्या बाबतीत यावरून आहाराचा उपदेश काढू नये, तेवढा पुरावा नाही. पण शिवणीला काळ दिसत नाही, ताण जाणवतो, एवढे म्हणायला हरकत नाही.

हात सोडा. मांडीवर ठेवा.

आता एका संध्याकाळची गोष्ट. मुलगी अकरा वर्षांची. वरचा जबडा अरुंद, वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेर यायच्या त्या आत बसतात. डॉक्टरांनी तारा लावण्याआधी टाळूत एक यंत्र बसवले आहे: दोन्हीकडच्या दाढांना धातूच्या कड्या, मध्ये आडवा स्क्रू. स्क्रूला बारीक भोके. आईच्या हातात दाभणाएवढी चावी, तिला दोरा बांधलेला, घशात जाऊ नये म्हणून. मुलीचे डोके मांडीवर, मोबाइलचा टॉर्च मोठ्या भावाच्या हातात.

“आई, आज नको ना.”

“एकदाच तर फिरवायची गं. आ कर. मोठा.”

चावी पुढच्या भोकात घालायची आणि घशाकडे ढकलायची, पुढचे भोक दिसेपर्यंत. अर्धवट सोडायची नाही. झाले. पाव फेरा. स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडला. सकाळी एकदा, रात्री एकदा, म्हणजे दिवसाला अर्धा मिलिमीटर. मुलगी डोळे मिटते. दुखत नाही म्हणते, पण नाकाच्या दांड्यापाशी, डोळ्यांखाली काहीतरी दाबल्यासारखे होते. ती म्हणते ते खरे आहे. ताण टाळूत राहत नाही. गालाच्या हाडापर्यंत, नाकाच्या मुळापर्यंत चढतो.

आठवडाभरात सकाळी दात घासताना ती आरशासमोरून ओरडते. पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली आहे. घरचे घाबरतात, डॉक्टर खूश होतात. ही फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण. दातांमध्ये जेवढी फट दिसते त्याच्या साधारण दुप्पट स्क्रू उघडलेला असतो. आत टाळूवर एक्स-रेत काळी त्रिकोणी जागा दिसते, पुढे रुंद, मागे निमुळती. उभ्या दिशेनेही तसेच, खाली जास्त आणि नाकाच्या मुळाकडे कमी. नाकाची जमीन तेवढी रुंदावते. मघाशी ध्यानात ठेवलेले एकच हाड ते हेच. दातांमधली फट पुढे काही महिन्यांत बरीचशी आपोआप मिटते, कारण दातांना एकमेकांशी बांधणारे हिरडीतले तंतू ताणले गेलेले असतात आणि ते दातांना परत ओढतात.

हे पहिल्यांदा लिहून ठेवले सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल या दंतवैद्याने, १८६० साली. चौदा वर्षांची मुलगी, वरच्या उपदाढांमध्ये आडवा स्क्रू, दोन आठवडे, आणि पुढच्या दातांत फट. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की दोन्ही हाडे अलग झाली. त्या काळच्या जाणत्या मंडळींनी शंका घेतली. वरचा जबडा चारी बाजूंनी इतर हाडांना जखडलेला, तो असा उघडेल कसा? एंजेलकडे दाखवायला फटीपलीकडे काही नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला आणखी पस्तीस वर्षे होती. पुढे अमेरिकेत हा उपचार जवळजवळ बाजूला पडला, आणि शंभर वर्षांनी अँड्र्यू हास यांनी आधी डुकरांवर आणि मग रुग्णांवर काम करून १९६१ साली तो पुन्हा उभा केला. शंका घेणारे चुकले होते, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. चारी बाजूंची हाडे या कथेत परत येणार आहेत.

स्क्रू फिरवणे दोन-तीन आठवड्यांत संपते. त्यानंतरचे काम काहीच न करण्याचे. स्क्रू बंद करून यंत्र तसेच तोंडात ठेवायचे, तीन ते सहा महिने. मुलगी कंटाळते. आईला वाटते, आता फिरवायचे नाही तर काढत का नाहीत? पण उघडलेली जागा आधी रक्ताने, मग तंतूंनी, मग कोवळ्या हाडाने भरत असते, आणि ते हाड पक्के व्हायच्या आत यंत्र निघाले तर दोन्ही बाजू परत जवळ येतात. उघडायला दिवस लागतात, टिकायला महिने.

श्वास सोडा. आता वय वाढू द्या.

सतरा. एकवीस. सत्तावीस. बहुतेकांना सांगितले जाते की सोळा-अठरा झाली की संपले. नियम म्हणून तो वाईट नाही; मेल्सन यांना शिवणीची वाढ मुलींत सुमारे सोळाव्या आणि मुलांत अठराव्या वर्षापर्यंत चाललेली दिसली होती. पण वाढ थांबणे एक, आणि जुळणे दुसरे. स्वीडनमध्ये पर्सन आणि थिलांडर यांनी १९७७ साली पंधरा ते पस्तीस वयाच्या माणसांच्या टाळूंच्या शिवणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पंधरा वर्षांच्या एका मुलीत जुळायला सुरुवात झाली होती. सत्तावीस वर्षांच्या एका बाईत जुळल्याची खूणही नव्हती. बऱ्यापैकी जुळलेली शिवण त्यांना वयाच्या तिसऱ्या दशकाआधी क्वचितच आढळली. पुढे इतरांच्या अभ्यासांत चोपन्न वर्षांच्या, एवढेच काय एकाहत्तर वर्षांच्या माणसाचीही न जुळलेली शिवण नोंदली गेली आहे.

पंधरा आणि एकाहत्तर. या दोन आकड्यांबरोबर थोडे बसा. जन्मतारखेच्या दाखल्यावर आपला केवढा भरवसा असतो. शाळेत घालताना, नोकरीत, निवृत्तीत, लग्न जुळवताना. आणि इथे बोटभर लांबीच्या एका रेघेने तो दाखला वाचलेलाच नाही.

जुळते कशी, तेही बघा. एखाद्या दिवशी पूर्ण रेघ मिटली असे होत नाही. कडेवरून हाडाचे बारीक काटे पलीकडे जातात, एखादा पोचतो, एक पूल होतो. शेजारी अजून तंतू आहेत, रक्त वाहते आहे. पुढे कुठेतरी दुसरा पूल. साधारणपणे घशाच्या बाजूने सुरुवात आणि दातांच्या बाजूला शेवट. पोटात असताना पडदे पुढून मागे जुळले होते, त्याच्या नेमके उलट. २०१३ साली फर्नांडा अँजेलिएरी आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय स्कॅनवर, म्हणजे सीबीसीटीवर, शिवणीच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिलीत सरळ रेघ, दुसरीत नागमोडी, तिसरीत दोन नागमोडी रेघा शेजारीशेजारी, चौथीत मागचा भाग दिसेनासा झालेला, पाचवीत पुढचाही. एकाच वयाची मुले वेगवेगळ्या पायऱ्यांवर निघाली. म्हणून वय विचारून उत्तर देण्यापेक्षा शिवण बघून उत्तर द्यावे, हे म्हणणे मला पटते. मात्र स्कॅनवरची रेघ म्हणजे प्रत्यक्ष शिवण नाही. बारीक पूल त्यात दिसतीलच असे नाही, आणि गुंतलेल्या पण न जुळलेल्या शिवणीची पकड तर मुळीच दिसत नाही.

आता ती चारी बाजूंची हाडे. उजव्या हाताचे बोट उजव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी ठेवा आणि डोळ्याच्या खोबणीच्या कडेवरून हळूहळू खाली आणा. एक बारीकशी खाच लागेल. कपाळाचे आणि गालाचे हाड इथे भेटतात. हीसुद्धा शिवण. व्हिन्सेंट कोकिच यांनी १९७६ साली वीस ते पंचाण्णव वयाच्या माणसांत ही शिवण तपासली. जुळायला सुरुवात सत्तरी ओलांडल्यावर, आणि पंचाण्णवाव्या वर्षीही ती पूर्ण जुळलेली नव्हती. बोट तिथेच राहू द्या. त्या खाचेखाली, वयाच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यापर्यंत, दोन हाडे अजून दोनच असतात.

तरीही मोठेपणी जबडा हलत नाही. का? कारण वरच्या जबड्याला बाहेरून गालाच्या हाडाचा टेका आहे आणि मागून स्फेनॉइड हाडाच्या खाली उतरलेल्या दोन फळ्यांचा. लहानपणी हे सगळे थोडे लवचीक असते. पुढे हाड दाट आणि ताठ होत जाते, प्रत्येक सांधा थोडा थोडा अधिक पकडतो. मधली एक शिवण उघडी असली तरी बाजूची मंडळी हलू देत नाहीत. १८६० सालच्या शंकेखोरांना नेमके हेच दिसले होते. मुलीच्या वयाकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

अशा वेळी दाढांना यंत्र बांधून स्क्रू फिरवत राहिले तर काय होते? जोर कुठेतरी जाणारच. हाड सरत नाही म्हणून दाढा बाहेर कलतात. मुळे बाहेरच्या पातळ हाडातून डोकावू लागतात, हिरडी वर सरकते. मोजपट्टीवर जबडा रुंद झालेला दिसतो, प्रत्यक्षात झुकलेले असतात ते दात. इतर कुठल्याही परिणामापेक्षा मला याची धास्ती जास्त वाटते, कारण वरवर पाहता हा उपचार यशस्वी दिसतो.

मोठ्यांसाठी दोन वाटा आहेत. जुनी वाट शस्त्रक्रियेची: भूल देऊन जबड्याच्या बाजूच्या भिंती आणि मधली शिवण कापून सैल करायची, मग स्क्रू फिरवायचा. नवी वाट टाळूच्या हाडातच बारीक स्क्रू रोवून त्यांच्या आधाराने जोर लावायची, म्हणजे दातांवर भार कमी. दक्षिण कोरियात योनसेई विद्यापीठाच्या की-जून ली यांनी २०१० साली वीस वर्षांच्या एका रुग्णात ती वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच गटाने २०१६ साली ६९ तरुणांचा हिशेब मांडला. सरासरी वय एकवीसच्या आसपास, ६० जणांची शिवण उघडली. नऊ जणांची नाही. चाळिशीतल्या माणसाला या आकड्यांवरून आशा दाखवणे योग्य नाही, आणि तुमचे वय झाले म्हणून स्कॅन न बघता परत पाठवणेही नाही.

आणि मुळात रुंदी हवी का, हा प्रश्न आधी यावा. घास नीट बसत असेल, दाढा एकमेकींवर येत असतील, तर तिशीत-चाळिशीत केवळ हसताना दात जास्त दिसावेत म्हणून शिवणीशी भांडायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

आणखी पुढे. पन्नाशी, साठी, सत्तरी. टाळूवरच्या शिवणी किती मिटल्या यावरून सापडलेल्या कवटीचे वय सांगण्याचा प्रयत्न न्यायवैद्यकातले लोक करतात. ढोबळ अंदाज मिळतो, पक्के वय नाही. पंधरा आणि एकाहत्तर आठवत असतील तर त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

दात गेले. रात्री वाटीत पाण्यात कवळी. दात धरून ठेवणारा हिरडीखालचा हाडाचा कंगोरा आता दात नसल्यामुळे झिजत जातो, वरच्या जबड्यात वर आणि आतल्या बाजूला. ज्या जबड्याला अकराव्या वर्षी कष्टाने रुंद केले असेल तोही असा पुन्हा अरुंद होतो. मधली रेघ मात्र झिजत नाही. तिच्यावर गादी नव्हती, आजही नाही. बाजू खचतात आणि मध्य तसाच टणक राहतो.

वरची कवळी करणाऱ्या चांगल्या तंत्रज्ञाला हे माहीत असते. प्लास्टरच्या साच्यावर त्या रेघेच्या जागी तो पातळ फॉइल चिकटवतो, म्हणजे तयार कवळी तिथे केसभर अधांतरी राहते आणि भार बाजूंवर जातो. पण वर्षे जातात, बाजू आणखी बसतात, आणि कवळी पुन्हा रेघेवर टेकून दोन्हीकडे डुगडुगू लागते. प्रत्येक घासाला मध्याशी वाकते. वरच्या कवळीला तडा जातो तो बहुधा मधोमधच, आणि घरात सगळ्यांना वाटते की आजोबांच्या हातून पडली असेल. आजोबा म्हणत असतील की कवळी हलते, मधेच टोचते, खाताना दुखते, तर हट्टीपणा समजू नका. कवळी आतून भरून घ्यायची किंवा नवी करायची वेळ झाली आहे, आणि ती चिकटवून आणण्याआधी दंतवैद्याला हिरड्यांची बैठक पुन्हा तपासायला सांगा. नुसती चिकटवलेली त्याच जागी परत तडकते.